सगळे ओळखतात त्या गावात निनावी कसं राहायचं

तीन वर्षांपूर्वी वर्धा नदीच्या पात्रातून पहाटे रेती उपसणाऱ्या ट्रॅक्टरचा एक फोटो मी काढला. तालुक्याच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो टाकला दुसऱ्या तालुक्यातल्या माझ्या ओळखीच्या बाईने. माझा नंबर नाही, नाव नाही, गावाचा उल्लेख नाही. दुसऱ्या दिवशी दळण घेऊन चक्कीवर गेले, तर ट्रॅक्टरवाल्याचा भाऊ अगदी शांतपणे म्हणाला, "वहिनी, फोटो तुमच्याच शेताच्या धुऱ्यावरून काढलेला दिसते. निंबाची तुटकी फांदी दिसून रायली त्यात."

त्या दिवसापासून मी हे सगळं शिकत आले. बचत गटाच्या बाया, आशा ताई, कॉलेजात जाणारी पोरं, रोजंदारीची माणसं असे कितीतरी जण मला विचारतात की नाव बाहेर न येता हे सांगता येईल का. त्यांच्यासाठी हे सगळं एकदा क्रमाने लिहून ठेवते आहे.

पायरी पहिली : कोणापासून लपायचं ते ठरवा

फोन हातात घेण्याआधी कागदावर एक ओळ लिहा : माझं नाव कोणाला कळायला नको? "कोणालाच नको" हे उत्तर चालणार नाही. शेजाऱ्याला, सरपंचाला, नवऱ्याला, कर्ज देणाऱ्या अ‍ॅपला आणि सरकारला तुमच्याबद्दल वेगवेगळी माहिती मिळते, आणि प्रत्येकाला ती मिळण्याची वाट वेगळी असते.

शेजारी तुमचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, शोधत बसत नाही, तो तुमची बोली ओळखतो. नवरा तुमचा फोन उघडतो. अ‍ॅपवाला तुमच्या फोनबुकातले सगळे नंबर उचलतो. पोलीस मोबाईल कंपनीकडून सिमच्या मालकाचं नाव मागवू शकतात आणि कंपनीला ते द्यावं लागतं. त्यामुळे या लेखातल्या उपायांनी कायद्याच्या तपासापासून लपता येईल असं कोणी समजू नये. कोणाला धमकी द्यायला किंवा कोणाची बदनामी करायला तर यातलं काहीच वापरू नका. खरं बोलणाऱ्या माणसाला गावात सुखाने राहता यावं, एवढ्यासाठी हे आहे.

घरात एकच स्मार्टफोन असेल तर सुरुवात तिथूनच करा. ब्राउझरचा 'इन्कॉग्निटो' प्रकार फोनमधला इतिहास ठेवत नाही, म्हणून घरच्यांपासून थोडा आडोसा मिळतो. मोबाईल कंपनीपासून मात्र तो काहीच लपवत नाही.

पायरी दुसरी : गर्दी मोजा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडा वेळ थांबू.

लॅटान्या स्वीनी या अमेरिकी संशोधिकेने २००० साली दाखवून दिलं की पिन कोड, जन्मतारीख आणि स्त्री की पुरुष या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतली सुमारे ८७ टक्के माणसं एकेकटी ओळखता येतात. त्यात नाव कुठेच नव्हतं. अशा अभ्यासांतूनच पुढे निनावीपणाचं एक मोजमाप रुजलं : दिलेली माहिती किती माणसांना लागू पडते? शंभर जणांना लागू पडत असेल तर तुम्ही शंभरांच्या गर्दीत आहात. एकालाच लागू पडत असेल तर नाव लिहा की नका लिहू, तुम्ही उघडे पडलात.

आता हे आपल्या गावाला लावून पाहा. "नाव सांगत नाही, पण आमच्या गावातल्या एका आशा ताईला दोन महिन्यांपासून मोबदला मिळाला नाही." गावात आशा ताई आहेतच मुळी एक नाहीतर दोन. "शाळेत पोषण आहार शिजवणारी बाई सांगत होती," "धरणात जमीन गेलेला एक कास्तकार," "पुण्याहून परत आलेला पोरगा." यांतल्या प्रत्येक वाक्यात नाव लिहिलेलंच आहे.

मी अशी चाळणी लावते. मजकूर लिहून झाला की प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवायचं आणि विचारायचं, हा शब्द तालुक्यात किती जणांना लागू पडतो? आकडा वीसच्या खाली आला की शब्द बदलायचा. "आमच्या गावातल्या" ऐवजी "नदीकाठच्या काही गावांत". "दोन महिन्यांपासून" ऐवजी "बऱ्याच दिवसांपासून". "आशा ताई" ऐवजी "मानधनावर काम करणाऱ्या बाया". असं केल्याने वाक्याची धार जाते, हे खरं आहे. पण ज्या अधिकाऱ्याला कारवाई करायची आहे त्याला नेमका तपशील वेगळ्या बंद पत्रातून देता येतो. ग्रुपवर जाणाऱ्या मजकुरात तो असायची गरज नसते.

बोलीचंही तसंच. आपण "हाय", "रायली", "काहून" लिहितो ते गोड वाटतं, पण वऱ्हाडीतही गावागणिक फरक आहे, आणि माणसागणिक तर आहेच. कोणी नेहमी तीन टिंबं देतं, कोणी 'श्री' लिहून सुरुवात करतं, कोणाची ऱ्हस्व-दीर्घाची चूक ठरलेली असते. निनावी मजकूर दुसऱ्या माणसाला तोंडी सांगा आणि त्याच्या शब्दांत लिहून घ्या. प्रमाण मराठीत, छोट्या छोट्या वाक्यांत.

वेळही ओळख देते. ग्रामसेवकाशी तुमचं भांडण मंगळवारी झालं आणि पोस्ट बुधवारी आली, तर कोणाला डोकं चालवावंच लागत नाही. दोन-तीन आठवडे थांबता येत असेल तर थांबा.

पायरी तिसरी : फोटो

फोनच्या कॅमेऱ्यात 'लोकेशन' चालू असेल तर फोटोच्या फाइलमध्येच अक्षांश-रेखांश आणि वेळ बसते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर ही माहिती गळून पडते. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर ती सोबत जाते. सरकारी कामासाठी आपल्याकडे जीपीएस मॅप कॅमेऱ्याचं अ‍ॅप घेतलेलं असतं, ते तर फोटोवरच गाव, तारीख, वेळ छापतं. पुराव्यासाठी ते उत्तम, निनावीपणासाठी घातक. एकाच जागेचे दोन फोटो काढा, एक अधिकाऱ्यासाठी आणि एक बाहेर दाखवण्यासाठी.

पण माझा फोटो सांगून गेला तो त्यातल्या निंबाच्या फांदीमुळे. फोटो पाठवण्याआधी तो गावातल्या माणसाच्या नजरेने पाहा. कोणत्या धुऱ्यावरून, कोणाच्या गच्चीवरून, किती उंचीवरून काढला आहे? कडा कापा. जमलं तर सार्वजनिक रस्त्यावरून काढा, जिथून कोणीही काढू शकला असता. व्हिडिओतला आवाज बंद करा, कारण मागे कुत्रं भुंकलं तरी गावाला ते कोणाचं ते कळतं.

पायरी चौथी : सिम आणि व्हॉट्सअ‍ॅप

भारतात सिम ओळखपत्राशिवाय मिळत नाही, आणि एका माणसाच्या नावावर साधारण नऊ सिम चालतात. दूरसंचार खात्याच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर जाऊन तुमच्या नावावर किती नंबर आहेत ते आज पाहून घ्या. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच "हा माझा नाही" असं कळवता येतं. दुसऱ्याच्या नावावरचं सिम वापरून निनावी होण्याच्या भानगडीत पडू नका. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात खोटी ओळख देऊन सिम घेणं हा गुन्हा आहे, आणि ज्याच्या नावावर सिम आहे तो गरीब माणूस उगाच अडकतो.

बायांसाठी एक खास गोष्ट. आपल्याकडे कितीतरी जणींचं सिम नवऱ्याच्या किंवा भावाच्या नावावर असतं. फोन वाजला की सिमच्या अर्जावरचं नाव समोरच्याच्या पडद्यावर दिसावं, अशी शिफारस दूरसंचार नियामक 'ट्राय'ने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली आहे. म्हणजे महिला हेल्पलाइनला फोन करणाऱ्या बाईच्या नंबरासोबत ज्याच्याविरुद्ध तिची तक्रार आहे त्याचंच नाव झळकू शकतं. आपलं सिम आपल्या नावावर करून घ्या. ओटीपी, बँक, आधार सगळं त्याच नंबराला बांधलेलं असतं.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये तुमचा नंबर सगळ्यांना दिसतो. प्रायव्हसीत जाऊन "ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं" हे फक्त ओळखीच्यांपुरतं ठेवा, प्रोफाइलचा फोटो आणि 'लास्ट सीन'सुद्धा. ग्रुप सोडला तरी सोडून गेलेल्यांची नावं साठ दिवस दिसत राहतात, म्हणून काही टाकून लगेच बाहेर पडणं ही दवंडी पिटण्यासारखी गोष्ट आहे. नंबर न दाखवता बोलायचं असेल तर सिग्नलवर २०२४ पासून टोपणनावाने बोलता येतं. तिथेही नोंदणीला नंबर लागतोच, फक्त समोरच्याला तो दिसत नाही.

कुलूपबंद (एन्क्रिप्टेड) संदेशांत मजकूर लपतो, पण कोण कोणाशी कधी बोललं ते कंपनीला कळू शकतं. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी तर मोठ्या मेसेजिंग कंपन्यांवर संदेश पहिल्यांदा कोणी पाठवला ते शोधून देण्याची अट घातली आणि व्हॉट्सअ‍ॅपने तिला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं. आपल्या भागासाठी एक निकाल मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येणार नाही, संगनमत दिसलं पाहिजे. बचत गटाचे ग्रुप चालवणाऱ्या बायांना मी हे मुद्दाम सांगते.

पायरी पाचवी : आधार, सेतू केंद्र आणि अंगठा

गावातली सगळ्यात मोठी गळती सेतू केंद्रात आणि झेरॉक्सच्या दुकानात होते. त्यात दुकानदाराची नियत खराब असते असं नाही. आपण त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आधार, पासबुक, सातबारा पाठवतो, तो प्रिंट काढतो आणि फाइल वर्षानुवर्षं त्याच्या संगणकात पडून राहते. पुढचं गिऱ्हाईक शेजारी बसून पडदा पाहत असतं ते वेगळंच.

काय करायचं? एमआधार अ‍ॅपमधून किंवा आधारच्या संकेतस्थळावरून 'मास्क्ड आधार' उतरवून घ्या. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले आणि शेवटचे चार दिसणारे असतात. लॉज, भाड्याची खोली, खासगी दुकान इथे तोच द्या. आधार प्राधिकरणानेही २७ मे २०२२ ला झेरॉक्स देऊ नका, मास्क्ड आधार द्या, असं कळवलं होतं. गैरसमज होईल म्हणून दोनच दिवसांत ते पत्रक मागे घेतलं गेलं, पण मास्क्ड आधारची सोय चालूच आहे. ज्या झेरॉक्सवर पूर्ण नंबर द्यावाच लागतो तिच्यावर आडवं लिहा : "फक्त पीक विम्यासाठी", खाली तारीख आणि सही, अक्षरं छापील मजकुरावरून जातील अशी. दुकानातून उठताना "दादा, माझी फाइल डिलीट करा" एवढं म्हणा आणि होईपर्यंत उभे राहा. पहिल्यांदा संकोच वाटतो. आता आमच्या गटातल्या बाया सर्रास म्हणतात.

आधार नंबराऐवजी सोळा आकडी 'व्हर्च्युअल आयडी' काढता येतो आणि तो हवा तेव्हा बदलता येतो. अंगठ्याच्या छापाची नक्कल करून खात्यातले पैसे काढल्याचे प्रकार देशात झाले आहेत, म्हणून एमआधारमधून 'बायोमेट्रिक लॉक' करून ठेवा. पण थांबा. रास्त भाव दुकानात बहुतेक वेळा अंगठा लावूनच धान्य मिळतं, आणि कुलूप असेल तर मशीन नकार देतं. दुकानात जाताना तात्पुरतं उघडा, किंवा घरातल्या ज्या एकाने अंगठा लावायचा त्याचं उघडं ठेवून बाकीच्यांचं बंद करा. कापूस वेचणाऱ्या, निंदण करणाऱ्या बायांची बोटं इतकी झिजलेली असतात की छाप उमटतच नाही. त्यांना आधीच चार वेळा अंगठा दाबायला लावतात, त्यात कुलूप विसरलं तर दिवस वाया जातो. मदत लागली तर १९४७ वर फोन करा. महिन्यातून एकदा 'ऑथेंटिकेशन हिस्ट्री' पाहा. गेल्या सहा महिन्यांत तुमचं आधार कुठे कुठे वापरलं गेलं ते त्यात दिसतं.

सातबारा, आठ-अ कोणालाही पाहता येतात, बोजासकट. ते तसंच असावं असं माझं मत आहे, कारण जमिनीची नोंद गुप्त झाली की लबाडाचं फावतं. फक्त एवढं ध्यानात असू द्या की तुमचा गट नंबर आणि बँकेचं नाव सांगणारा फोनवरचा माणूस त्यामुळे खरा ठरत नाही.

पायरी सहावी : तक्रार कुठे द्यायची

एक नेहमीचा अनुभव सांगते. एका जिल्हा पातळीच्या कार्यालयात मी सहीनिशी अर्ज दिला. आठ दिवसांत तोच अर्ज माझ्या नावासकट "योग्य त्या कार्यवाहीसाठी" खाली खाली सरकत ज्याच्याविरुद्ध होता त्याच्याच टेबलावर आला. तेव्हापासून मी अर्ज दोन कागदांवर लिहिते. पहिल्यावर फक्त मजकूर. दुसऱ्यावर नाव, पत्ता आणि एक ओळ : "माझे नाव गोपनीय ठेवावे. माहिती अधिकार अधिनियम २००५, कलम ८(१)(छ) कडे लक्ष वेधते." या कलमानुसार, ज्या माहितीमुळे कोणाच्या जिवाला धोका होईल किंवा विश्वासाने खबर देणारा ओळखला जाईल, ती उघड करण्याचं बंधन कार्यालयावर नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज करताना कारण सांगावं लागत नाही, आणि संपर्कापुरत्या तपशिलापलीकडे स्वतःबद्दल काही लिहावं लागत नाही. तसं कलम ६(२) मध्येच आहे. कलकत्ता उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये घराच्या पत्त्याऐवजी पोस्ट बॉक्स नंबर चालेल असं म्हटलं. जानेवारी २०१० मध्ये तळेगाव दाभाडे इथे सतीश शेट्टी या माहिती अधिकार कार्यकर्त्याचा खून झाला, म्हणून पत्त्याचा प्रश्न मी हलका मानत नाही. आणखी सोपी वाट अशी की हा अधिकार कोणत्याही नागरिकाला आहे. आपल्या ग्रामपंचायतीची माहिती नागपुरातली तुमची मैत्रीण मागू शकते. आडनाव तुमचंच असलेला भाचा मात्र निवडू नका.

लाचेची खबर १०६४ वर द्या, हा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक. सापळा लावायचा झाला तर तक्रारदाराला पुढे यावंच लागतं, हे आधी समजून घ्या. नुसती खबर द्यायची असेल तर तसं स्पष्ट सांगा. बाई किंवा मुलाविरुद्धच्या ऑनलाइन गुन्ह्याची नोंद राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देता करता येते. पैसे गेले असतील तर निनावीपणा बाजूला ठेवून ताबडतोब १९३० लावा.

चंद्रपूर, यवतमाळ, नागपूरच्या कोळसा पट्ट्यातल्या वाचकांसाठी वेगळी वाट आहे. वेकोलि, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स, ही केंद्राची कोळसा कंपनी, म्हणून तिथल्या भ्रष्टाचाराची तक्रार 'पीआयडीपीआय' या खबर देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवणाऱ्या २००४ च्या ठरावाखाली केंद्रीय दक्षता आयोगाच्या सचिवांकडे, दिल्लीच्या सतर्कता भवनात पाठवता येते. बंद पाकिटावर "जनहित प्रकटीकरणाखालील तक्रार" असं लिहायचं आणि पाठवणाऱ्याचं नाव पाकिटावर मुळीच टाकायचं नाही. नाव आतल्या कागदावर असतं आणि आयोग ते गुप्त ठेवतो. पूर्ण निनावी पत्रावर आयोग कारवाई करत नाही. या ठरावामागे एक मृत्यू आहे. महामार्ग प्राधिकरणातले तरुण अभियंते सत्येंद्र दुबे यांनी पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहून आपलं नाव गुप्त ठेवायची विनंती केली होती. पत्र नावासकट पुढे फिरलं, आणि नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्यांचा खून झाला. २०१४ चा जागल्यांच्या, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा संसदेने केला, पण तो लागूच केला गेला नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

लैंगिक अत्याचार झालेल्या बाईचं नाव उघड करणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद. नाव न घेता ओळख पटेल असं काहीही सांगणंही त्यात येतं. "तलावाकडच्या गल्लीतली" म्हटलं तरी.

पायरी सातवी : गर्दी तयार करा

आपल्याकडे गर्दी आयती मिळत नाही, ती जमवावी लागते. पूर्वीही गावात सगळे सगळ्यांना ओळखायचे, पण ती ओळख दोन्हीकडून होती. सावकाराला माझं कर्ज ठाऊक, तर मलाही त्याच्या घरातलं ठाऊक. आता अ‍ॅप, कॅमेरा आणि कार्यालय मला ओळखतात आणि मला त्यांचा चेहरा दिसत नाही. अशा वेळी एकटीने लपण्यापेक्षा पन्नास जणींनी एकत्र दिसणं जास्त सुरक्षित असतं.

यासाठी आपल्याकडचीच 'आडवी बाटली', म्हणजे दारू दुकान बंद करण्यासाठीचं बायांचं मतदान, पाहा. महाराष्ट्रातल्या २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की दारू दुकानाबद्दल गुप्त मतदान होतं, आणि एकूण महिला मतदारांपैकी ५० टक्क्यांहून अधिक जणी 'आडव्या'च्या बाजूने असतील तर दुकान बंद होतं. आधी एकत्र सह्या, मग एकटीचं गुप्त मत. सह्या घेताना अर्जाखाली ओळीने घेऊ नका, कारण पहिलं नाव पुढारी ठरतं. कागदावर गोल काढा आणि गोलाभोवती सह्या घ्या. माहिती अधिकाराचे अर्जही एकाच मजकुराचे दहा जणींनी दहा दिवशी टाका.

बूथनिहाय निकालातही हाच प्रश्न आहे. मतपत्रिका असताना मोजणीआधी वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मिसळायची सोय नियमांत होती. यंत्र आल्यावर प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा दिसतो, आणि पाचशे मतांच्या वस्तीने कोणाला मत दिलं ते उमेदवाराला कळतं. म्हणून आपल्या केंद्राचा आकडा गावच्या ग्रुपवर मिरवू नका.

पुढे काय येतंय

ताडोबाच्या बफरमधल्या सीतारामपेठेत वाघ गावाकडे सरकला की सूचना देणारे एआय कॅमेरे बसले. नागपूर जिल्ह्यातलं सातनवरी २०२५ मध्ये देशातलं पहिलं 'स्मार्ट इंटेलिजंट' गाव म्हणून पुढे आलं. वाघापासून जीव वाचवणारा कॅमेरा मला हवाच आहे. पण मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला जाणारी बाईही त्याच कॅमेऱ्यात येते. कॉर्बेटच्या जंगलातल्या कॅमेऱ्यांमुळे बायांवर कशी पाळत राहते, त्या मोकळेपणाने गाणं-बोलणंही कशा सोडतात, हे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधनात आलं आहे.

गावात कॅमेरा बसायच्या आधी ग्रामसभेत चार प्रश्न लेखी विचारा : चित्रण कोण पाहणार, किती दिवस ठेवणार, कोणाच्या फोनवर जाणार, पुसल्याची नोंद कुठे? २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, त्याच हक्काचा हा वापर आहे. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला तिथून दीड वर्ष ठेवलं आहे. त्याच कायद्याने माहिती अधिकारातल्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल करून अधिकाऱ्यांना "ही वैयक्तिक माहिती आहे" म्हणून माहिती नाकारायला जास्त जागा दिली. गरिबाचा अंगठा उघडा आणि साहेबाची फाइल झाकलेली, असं होऊ नये यासाठी ग्रामसभेचे ठराव लागतील.

तक्रार दिल्यानंतरचे पंधरा दिवस

इतकं सगळं करूनही माणसं तक्रारीनंतरच्या वागण्याने पकडली जातात. चावडीवर त्या विषयाची पहिली चौकशी तुम्ही करू नका. गप्पही बसू नका, जो रोज बोलतो तो अचानक गप्प झाला की लोक पाहतात. ग्रुपवर त्या बातमीला पसंतीचं अंगठ्याचं चिन्ह टाकायचं की नाही ते इतर दहा जण काय करतात ते पाहून ठरवा. मसुदा, पोस्टाची पावती, फोटोची मूळ प्रत घरात ठेवू नका, बाहेरगावच्या विश्वासाच्या माणसाकडे द्या. कोणी तोंडावर विचारलंच, तर शपथा घेऊन नाकारू नका. "कोणीतरी केलं ते बरं झालं" एवढं म्हणा आणि दळणाचा डबा उचला.